गाडी दुरुस्त झाली, मनाचे काय?

अपघातात सापडलेल्या गाडीसाठी आपल्याकडे एक ठरलेली वाट आहे. पोलीस पंचनामा करतात, विमा कंपनीला कळवले जाते, सर्व्हेअर येऊन पाहणी करतो, वर्कशॉप खर्चाचा अंदाज देते, घसारा वजा होऊन दाव्याची रक्कम ठरते आणि काही आठवड्यांत नवा बंपर लावलेली गाडी दारात येऊन उभी राहते. मोडलेल्या हाडालाही अशीच वाट आहे. एक्स-रे, प्लास्टर, मग व्यायाम. परंतु त्या क्षणी ज्याच्या हाती स्टीअरिंग होते, त्याच्या मनाचा पंचनामा कोणी करीत नाही. अंगावर जखम नाही, चालणे-बोलणे पूर्ववत आहे, म्हणजे माणूस सुखरूप आहे, असे घर मानून चालते. तोही तसेच सांगतो. फक्त गाडीची किल्ली खुंटीवरून खाली येत नाही.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात ४,६१,३१२ रस्ते अपघात झाले. त्यांत १,६८,४९१ माणसे दगावली आणि ४,४३,३६६ जखमी झाली. हे आकडे मोठे आहेत. तरीही ज्यांना खरचटलेसुद्धा नाही आणि ज्यांनी त्यानंतर गाडी चालवणे सोडून दिले, अशांची नोंद या रकान्यांत कोठेच होत नाही. त्यांची संख्या किती असेल याचा अंदाज प्रत्येकाने आपल्या नातलगांत आणि शेजारपाजारी पाहून करावा. एखादी मावशी पूर्वी सहज कोल्हापूरला गाडी घेऊन जात असे, आता जात नाही. एखादे काका हल्ली 'डोळ्यांना त्रास होतो' म्हणून मुलाला चालवायला सांगतात. चष्म्याचा नंबर मात्र बदललेला नसतो.

या भीतीची लक्षणे ओळखणे अवघड नाही. शेजारच्या आसनावर बसलेले असतानाही पाय आपोआप नसलेला ब्रेक दाबतो. मागून मोठा हॉर्न वाजला की छातीत धडधडते, तळव्यांना घाम सुटतो. अपघाताच्या जागेवरून जाणे टाळण्यासाठी पाच किलोमीटरचा वळसा घेतला जातो. रात्री तोच आवाज, तोच झटका स्वप्नात येतो. पहिले काही दिवस असे होणे स्वाभाविक आहे. धोक्याची जाणीव होताच शरीर सावध व्हावे, अशी निसर्गाचीच योजना आहे आणि एकदा जोराने वाजलेली ही घंटा शांत व्हायला काही काळ लागतो. बहुतेकांच्या बाबतीत ती काही आठवड्यांत शांत होते. महिना उलटून गेला तरी अपघाताचे प्रसंग डोळ्यांसमोर पुन्हा पुन्हा उभे राहत असतील, झोप उडालेली असेल, चिडचीड वाढली असेल आणि गाडीचे नाव निघताच मन मागे सरत असेल, तर मात्र ते अंगावरून जाऊ देण्याजोगे नसते. आघातानंतरच्या या तणावविकाराला अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने १९८० साली आपल्या निदानसूचीत स्वतंत्र स्थान दिले. युद्धावरून परतलेल्या सैनिकांच्या संदर्भात त्याची चर्चा अधिक झाली. पुढे एडवर्ड ब्लँचर्ड आणि एडवर्ड हिकलिंग या मानसशास्त्रज्ञांनी केवळ वाहन अपघातांतून वाचलेल्या माणसांचा दीर्घकाळ अभ्यास केला आणि १९९७ साली त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. थोडक्यात, ही भीती म्हणजे मनाचा दुबळेपणा किंवा 'नाटके' नव्हेत. तिला नाव आहे, तिचा अभ्यास झालेला आहे आणि तिच्यावर उपायही आहे.

ही भीती मनात कशी रुजते, हे आधी समजून घ्यावे. रशियन शास्त्रज्ञ पावलॉव्ह यांचा कुत्र्यावरील प्रयोग शाळेच्या पुस्तकांतून अनेकांनी वाचलेला असतो. अन्नाबरोबर एक ठरावीक आवाज वारंवार ऐकवला, तर काही दिवसांनी नुसत्या आवाजानेही कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटते. भीतीच्या बाबतीत तर वारंवारतेचीही गरज पडत नाही. एकच जबरदस्त आघात पुरतो. त्या क्षणी आसपास जे जे होते ते सारे मेंदू धोक्याच्या यादीत टाकून देतो. संध्याकाळची वेळ, काचेवरचे पावसाचे थेंब, समोरच्या ट्रकचे लाल दिवे, गाडीत चालू असलेले गाणे. यांपैकी कशानेही अपघात घडवलेला नसतो. तरी पुढे त्यांतली एखादी गोष्ट समोर आली की तीच घंटा वाजते.

रुजलेली भीती टिकते कशामुळे, हा त्याहून महत्त्वाचा प्रश्न आहे. उत्तर एका शब्दात सांगता येते : टाळण्यामुळे. आज गाडी काढायची होती, मन घाबरले, 'रिक्षाने जाऊ' असे ठरले आणि त्या क्षणी मोठे हायसे वाटले. हे हायसे वाटणे खरे असते, म्हणूनच ते फसवे ठरते. 'गाडी टाळली म्हणून आपण वाचलो' एवढाच धडा मन त्यातून घेते. गाडी चालवूनही काही झाले नसते, हे कळण्याची संधी हातची जाते. कर्ज घेऊन आजची गरज भागवावी आणि व्याज उद्यावर ढकलावे, तसा हा व्यवहार आहे. आज सुटका मिळते, परंतु भीतीच्या मुद्दलात व्याज मिळत राहते आणि ते व्याज चक्रवाढ असते. प्रथम अपघाताचा रस्ता सुटतो, मग पाऊस असेल तेव्हाची गाडी सुटते, मग रात्रीची, मग गावाबाहेरची आणि शेवटी गाडीच सुटते.

जयसिंगपुरातील एक घर उदाहरणादाखल डोळ्यांसमोर आणावे. घरात पन्नाशीची सून, पंचाहत्तरीच्या सासूबाई, दुकान सांभाळणारे यजमान आणि नोकरीनिमित्त पुण्यात असलेला मुलगा. सासूबाईंना आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी सांगलीला न्यावे लागते. अंतर दहा-बारा किलोमीटरचे. उदगाव ओलांडले की कृष्णेवरचा पूल आणि पलीकडे अंकली. ही ने-आण सूनबाई एकट्या करीत. जुलैमधील एका संध्याकाळी, सासूबाई घरी असताना, सांगलीहून औषधे घेऊन परतताना पुलाच्या अलीकडे पुढचा ट्रक अचानक थांबला. त्यांनी ब्रेक दाबला, गाडी थांबली. मागचा टेम्पो मात्र थांबू शकला नाही. गळपट्टीचे हाड दुखावले, ते महिन्या-दीड महिन्यात बरे झाले. गाडीही दुरुस्त होऊन आली. त्यानंतर त्या चालकाच्या आसनावर बसल्या नाहीत.

घरच्यांनी त्यांना समजून घेतले, हे विशेष. 'तुला नको वाटतं ना, राहू दे' असे म्हणून यजमान आठवड्यातले दोन दिवस दुपारी दुकान बंद ठेवू लागले. त्यांना जमले नाही, तर शेजारचा मुलगा; तोही नसला, तर भाड्याची गाडी. प्रत्येक वेळी आदल्या रात्री फोनाफोनी होई. सासूबाई हे सारे पाहत होत्या. एकदा त्या म्हणाल्या, "आज बरं वाटतंय मला, आजचं राहू दे, परवा जाऊ." पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी पाय सुजले आणि धाप लागली, तेव्हा डॉक्टरांनी विचारले की मधल्या दोन फेऱ्या का चुकल्या. डायलिसिस चुकणे म्हणजे शरीरात पाणी आणि पोटॅशियम साचू देणे, आणि ते जिवावर बेतू शकते. परतताना सासूबाई सुनेला एवढेच म्हणाल्या, "तू न्यायचीस तेव्हा मला कुणाच्या तोंडाकडं बघावं लागत नव्हतं गं."

अपघातानंतरची भीती अशी घरभर पसरते. ती एकीच्या मनात असते. तिचे हप्ते मात्र सगळे घर भरीत असते. आणि येथेच प्रेमाने केलेली मदतही उलट फळ देते. घाबरलेल्या माणसाचे प्रत्येक काम दुसऱ्याने उचलले की त्याच्या टाळण्याला घराची मान्यता मिळते. दुसऱ्या टोकाला काही घरांत 'एवढं काय त्यात? उद्यापासून गाडी काढ' असा हुकूम सुटतो. पुरुषांच्या वाट्याला हा हुकूम अधिक येतो, म्हणून ते भीती लपवतात आणि डोळ्यांचे, कंबरेचे निमित्त पुढे करतात. स्त्रियांना उलट 'तुला काय गरज आहे चालवायची?' असे ऐकावे लागते आणि कष्टाने मिळवलेला परवाना कपाटात पडून राहतो. लाड आणि हुकूम, दोहोंचा परिणाम एकच : भीती जेथे होती तेथेच राहते.

मग करावे काय? 'भीती गेली की गाडी चालवीन' असे जवळजवळ प्रत्येक जण म्हणतो. सगळा घोळ या वाक्यात आहे. भीती आधी जात नाही. भीती सोबत असतानाच थोडे थोडे चालवले, तर ती मागाहून कमी होते. हा क्रम ध्यानात आला की पुढचा मार्ग सरळ होतो, जरी तो सोपा नसला तरी.

या मार्गाचा इतिहास शंभर वर्षांचा आहे. १९२४ साली मेरी कव्हर जोन्स या अमेरिकन संशोधिकेने पीटर नावाच्या सुमारे तीन वर्षांच्या मुलावर केलेल्या उपचाराची हकिकत प्रसिद्ध केली. पीटरला सशाची भीती वाटे. तो आवडीचा खाऊ खात असताना पिंजऱ्यातला ससा खोलीत दूर ठेवला जाई आणि त्याला झेपेल तसा हळूहळू जवळ आणला जाई. शेवटी पीटर त्या सशाला प्रेमाने कुरवाळू लागला. पुढे दक्षिण आफ्रिकेतील मानसोपचारतज्ज्ञ जोसेफ वोल्पे यांनी १९५८ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात ही पद्धत शास्त्रशुद्ध रीतीने मांडली. भीतीच्या प्रसंगांची सौम्य ते तीव्र अशी यादी करायची आणि एकेक पायरी चढायची. भीती मोजण्यासाठी शून्य ते शंभर अशी मोजपट्टीही त्यांनीच दिली. शून्य म्हणजे पूर्ण शांत, शंभर म्हणजे याहून अधिक घाबरणे शक्य नाही, अशी अवस्था. आजही या स्वरूपाच्या उपचारांचा पाया हाच आहे.

पायऱ्या चढण्यापूर्वी दोन गोष्टी पाहून घ्याव्यात. पहिली, शरीर तयार आहे ना? हाड जुळले आहे का, मान पूर्ण वळते का, चक्कर येते का, डोक्याला मार लागला असेल तर गाडी चालवण्यास हरकत नाही ना, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारावे. झोपेच्या किंवा चिंता कमी करण्याच्या काही गोळ्यांनी सुस्ती येते. त्या चालू असतील तर तेही विचारावे आणि असे औषध घेऊन धीर आणण्याचा प्रयत्न मुळीच करू नये. दुसरी गोष्ट म्हणजे गाडी. ब्रेक, टायर, वायपर, आरसे, दिवे यांची तपासणी स्वतः उभे राहून करून घ्यावी. गाडीवरचा विश्वास हीदेखील एक पायरीच आहे.

आता जयसिंगपूरच्या त्या सूनबाईंची यादी कशी असेल ते पाहू. एक साधी वही घ्यावी. पहिली पायरी : दारातल्या बंद गाडीत चालकाच्या आसनावर वीस मिनिटे बसणे. दुसरी : इंजिन चालू करून, गाडी न हलवता बसणे. तिसरी : आपल्याच गल्लीत पुढे-मागे करणे. चौथी : सकाळी सहा वाजता, यजमान शेजारी असताना, कॉलनीला एक फेरी. पाचवी : तीच फेरी एकटीने. सहावी : मंदिरापर्यंत जाऊन परत. सातवी : दुसऱ्या कोणाच्या गाडीत बसून पूल ओलांडणे, डोळे उघडे ठेवून. आठवी : रविवारी पहाटे स्वतः पुलापर्यंत. नववी : पूल ओलांडून अंकलीपर्यंत. दहावी : दिवसाच्या रहदारीत सांगली. अकरावी : सासूबाईंना घेऊन सांगली. बारावी : रिमझिम पावसात, संध्याकाळच्या वेळी तोच रस्ता. प्रत्येक पायरीपुढे शून्य ते शंभरमधला अंदाजी आकडा लिहावा. पहिलीपुढे पंधरा असेल, बारावीपुढे पंच्याण्णव. दोन पायऱ्यांतील अंतर फार वाटले, तर मध्ये आणखी एक घालावी.

वहीत रोजच्या नोंदीसाठी तीन रकाने असावेत. गाडीत बसण्यापूर्वी 'आज काय होईल असे वाटते' ते लिहावे : 'पुलाजवळ हात थरथरतील आणि गाडी कठड्यावर जाईल.' परतल्यावर 'प्रत्यक्षात काय झाले' ते लिहावे : 'हात थरथरले. गाडी आपल्या लेनमध्येच राहिली.' तिसऱ्या रकान्यात भीतीचे आकडे लिहावेत : निघताना किती, सर्वांत जास्त किती, शेवटी किती. महिनाभराने पाने मागे उलटली की मनाचे अंदाज आणि वस्तुस्थिती यांचा ताळा किती कमी जुळतो, हे स्वतःच्या अक्षरात दिसते. दुसऱ्याने हजार वेळा दिलेल्या धीरापेक्षा ही नोंद अधिक पटते.

काही नियम मात्र पाळावे लागतात. एक पायरी एकदा चढून भागत नाही. तिचा आकडा पूर्वीच्या निम्म्यावर येईपर्यंत तीच पुन्हा करावी. सराव महिन्यातून एकदा दोन तास करण्यापेक्षा आठवड्यातून चार-पाच दिवस अर्धा-अर्धा तास करावा. घबराट वाढली तर रस्त्याच्या कडेला सुरक्षित जागी गाडी घ्यावी, हजार्ड लाइट लावावेत, श्वास सावकाश आत घ्यावा आणि त्याहून सावकाश सोडावा. घबराटीची लाट चढते तशी उतरतेही. ती उतरू द्यावी आणि मग ठरवलेल्या जागेपर्यंत पुढे जाऊन यावे. भीती टोकाला असताना घरी परतले, तर पुन्हा टाळण्याचाच धडा मनात पक्का होतो. आणखी एक गोष्ट सहज लक्षात येत नाही. स्टीअरिंग बोटे पांढरी होईपर्यंत आवळणे, मोकळ्या महामार्गावर वीसच्या वेगाने जाणे, दर दहा सेकंदांनी शेजारच्याला 'बरोबर आहे ना?' विचारणे, हे सारे टाळण्याचेच छुपे प्रकार आहेत. त्यांमुळे सुरक्षितता वाढत नाही. महामार्गावर फार हळू जाणे तर स्वतःच एक धोका आहे. या कुबड्याही एकेक करून सोडाव्या लागतात.

स्वतःच्या कौशल्यावरचाच विश्वास उडाला असेल, तर मोटार ड्रायव्हिंग स्कूलमध्ये पाच-सहा दिवस पुन्हा जाण्यात कमीपणा मानू नये. शिकवणीच्या गाडीत प्रशिक्षकाच्या पायाशीही ब्रेक असतो, त्यामुळे पहिल्या रहदारीच्या दिवसांत मन निर्धास्त राहते. वीस वर्षे गाडी चालवणाऱ्यालाही या निमित्ताने आपल्या जुन्या सवयी तपासून घेता येतात.

शेजारी बसणाऱ्याचे कामही ठरवून घ्यावे. 'अगं, बघ बघ, ट्रक!' असे ओरडणे बंद. मोबाइलवर बोलणे बंद. सल्ला विचारल्याशिवाय द्यायचा नाही. शांत बसणे, परतल्यावर वहीतला आकडा विचारणे आणि पुढच्या वेळी गाडीतून उतरून तिला एकटीला जाऊ देणे, एवढे त्याने केले की पुरे. हे तिसरे काम घरच्यांना सर्वांत अवघड जाते.

मध्येच माघार होणारच. आठव्या पायरीवर एखाद्या ट्रकने अगदी मागे येऊन हॉर्न वाजवला आणि सूनबाई पुलाच्या अलीकडूनच परतल्या, असे समजा. त्या रात्री त्यांना वाटेल की केलेले सारे पाण्यात गेले. तसे ते गेलेले नसते. दुसऱ्या दिवशी एक पायरी खाली उतरून सातवीचा सराव करावा आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा पुलाकडे जावे. शिकलेली भीती पूर्णपणे पुसली जात नाही. तिच्या शेजारी एक नवा, बळकट अनुभव उभा राहतो. नव्याचा सराव तुटला की जुने डोके वर काढते. म्हणूनच बारावी पायरी चढून झाल्यावरही आठवड्यातून एकदा तो रस्ता स्वतः चालवणे थांबवू नये. भीतीचा आकडा शून्यावर यावा, असा हट्टही नको. वीस-पंचवीसच्या भीतीसह सासूबाईंना वेळेवर डायलिसिसला पोहोचवता येते आणि घराला तेवढेच हवे असते.

भीती आणि सावधगिरी यांत गल्लत होते, तीही येथेच दूर करावी. भीती म्हणते, 'जाऊ नकोस.' सावधगिरी म्हणते, 'जा, पण अंतर राख.' ताशी ६० किलोमीटरच्या वेगाने गाडी एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर पुढे जाते, म्हणजे समोरचा दिवा लाल झालेला पाहून पाय ब्रेकवर येईपर्यंतच एवढा रस्ता संपलेला असतो. पुढची गाडी एखाद्या खांबापाशी पोहोचल्यापासून आपण तेथे पोहोचेपर्यंत किमान तीन सेकंद जावेत. पावसात ते दुप्पट करावेत. वेग दुप्पट केला की आघाताची शक्ती चौपट होते. मागच्या आसनावरील प्रवाशांनीही पट्टा बांधणे कायद्याने बंधनकारक आहे आणि सासूबाईंनाही त्यातून सूट नाही. ज्या अपघातात आपली चूक नव्हती, तेथेही आपल्या हाती काय असते ते एवढेच. आणि हे एवढेही थोडे नाही. घाबरलेल्या मनाची शक्ती 'काय होईल' या विचारात जाते. ती अंतर, वेग आणि आरसे यांकडे वळवली की गाडी चालवणारा पूर्वीपेक्षा अधिक चांगला चालक होऊ शकतो.

ज्या अपघातात जवळचे माणूस गेले किंवा आपल्या गाडीखाली दुसऱ्याचा जीव गेला, तेथे मात्र केवळ पायऱ्यांची यादी पुरत नाही. त्या मनात भीतीपेक्षा शोक आणि टोचणी मोठी असते. 'मीच मारले' हे वाक्य आतल्या आत फिरत असते आणि गाडी चालवायला लावणे हा त्यावरचा इलाज नव्हे. अशा वेळी, तसेच झोप, भूक, कामधंदा यांवर महिन्याहून अधिक काळ परिणाम झाला असेल, दारूचा आधार घेतला जात असेल किंवा जगण्याचाच कंटाळा बोलून दाखवला जात असेल, तर मानसोपचारतज्ज्ञाकडे किंवा प्रशिक्षित समुपदेशकाकडे विनाविलंब जावे. आघातानंतरच्या तणावविकारासाठी आघातकेंद्री वर्तनोपचार आणि डोळ्यांच्या हालचालींचा उपयोग करणारी, फ्रान्सिन शॅपिरो यांनी विकसित केलेली पद्धत, या दोहोंची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ साली केली आहे. पहिले पाऊल म्हणून १४४१६ या क्रमांकावर फोन करता येतो. 'टेली-मानस' ही केंद्र शासनाची निःशुल्क सेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली असून तेथे मराठीतही बोलता येते.

खर्चाचा विचार आलाच. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार विमा कंपन्यांनी मानसिक आजारांना शारीरिक आजारांच्याच धर्तीवर संरक्षण द्यावे, अशी तरतूद आहे. परंतु अनेक आरोग्यविमा पॉलिसी रुग्णालयात दाखल झाल्यावरच लागू होतात. समुपदेशकाची बाह्यरुग्ण फी त्यांत बसेलच असे नाही. म्हणून पॉलिसीतील बाह्यरुग्ण सेवेचे कलम आधी वाचावे. समोरच्या वाहनाच्या चुकीने दुखापत झाली असेल आणि मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे भरपाईचा अर्ज करायचा असेल, तर मानसिक उपचारांची चिठ्ठी, पावत्या आणि तज्ज्ञांचा अहवाल हाडाच्या एक्स-रेइतक्याच काळजीने जपून ठेवावा. कागद नसेल तर वेदना सिद्ध करणे अवघड जाते.

आणि कोणी म्हणेल, 'मला आता गाडी चालवायचीच नाही', तर? तसे ठरवण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. वय झाले, नजर मंदावली, घराजवळून बस मिळते, अशी कारणे असतील तर तो निर्णय शहाणपणाचाही असू शकतो. फक्त स्वतःला एक प्रश्न प्रामाणिकपणे विचारावा : भीती मुळीच नसती, तरीही हेच ठरवले असते का? उत्तर 'हो' असेल, तर किल्ली आनंदाने मुलाच्या हाती द्यावी. उत्तर 'नाही' असेल, तर आज रात्रीच वहीचे पहिले पान काढावे, त्यावर सर्वांत सोपी पायरी लिहावी आणि उद्या सकाळी दारातल्या बंद गाडीत वीस मिनिटे नुसते बसून यावे.